मेट्रो माणची, पण 'माण' नावाचं स्टेशनच नाही! मुळशीतल्या गावांची नावं नेमकं कोण ठरवतंय?

पुण्याच्या तिसऱ्या मेट्रो मार्गाचं सरकारी कागदावरचं नाव आहे 'माण-हिंजवडी ते शिवाजीनगर'. साधारण २३ किलोमीटरचा मार्ग, २३ स्थानकं, आणि गाड्यांचा डेपो मुळशी तालुक्यातल्या माण गावात.

आता या मार्गाच्या आराखड्यातली पहिली सहा स्थानकं वाचा. मेगापोलिस सर्कल, एम्बसी क्वाड्रन बिझनेस पार्क, डोहलर, इन्फोसिस फेज टू, विप्रो फेज टू, पॉल इंडिया. पहिलं नाव एका गृहप्रकल्पाचं, दुसरं बिझनेस पार्कचं आणि उरलेली चार कंपन्यांची. त्यानंतर शिवाजी चौक येतो आणि आठव्या क्रमांकाला 'हिंजवडी'. ज्या गावाच्या नावाने मार्ग सुरू होतो, त्या माणचं नाव यादीत कुठेच नाही.

तिकडे मुंबईत नेमकं उलटं चाललंय. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या इंग्रजी नावांच्या रेल्वे स्थानकांची नावं बदलायला मंजुरी दिली आणि जुलैमध्ये विधिमंडळात तसा ठराव झाला. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, मरीन लाइन्सचं मुंबादेवी आणि किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ.

म्हणजे मुंबई दीडशे वर्षांपूर्वी झाकली गेलेली वस्त्यांची नावं फलकावर परत आणायचा प्रयत्न करतेय, आणि मुळशीत ती झाकायचं काम आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर सुरू आहे. मुंबईत हे कसं झालं ते आधी पाहिलं, तर मुळशीत काय होतंय ते लवकर कळतं.

चिंच, फणस आणि उंबर

मुंबईच्या जुन्या वस्त्यांची नावं मोठ्याने वाचली तर एखाद्या बागेत फिरल्यासारखं वाटतं. चिंचपोकळी, चिंचबंदर, फणसवाडी, उंबरखाडी, वडाळा. ज्या शहरात आज सावलीला झाड शोधावं लागतं, तिथल्या लोकांनी पत्ता सांगायला झाडंच वापरली होती. चिंचेच्या झाडांचा खोलगट भाग म्हणजे चिंचपोकळी. उंबर असलेली खाडी ती उंबरखाडी.

काही नावं धंद्यावरून आली, जसा कुंभारवाडा. काही देवांवरून आली, जसं काळबादेवी, भुलेश्वर. काहींचा उगम आजही वादाचा आहे. भायखळा म्हणजे भाया नावाच्या माणसाचं खळं, असं एक मत. बहाव्याच्या झाडांमधलं खळं, असं दुसरं. माझगावाचं मूळ कुणी मासळीत शोधतं, 'मत्स्यग्राम' म्हणून, तर कुणी म्हणतं, सरळ आहे की, 'माझं गाव'. भेंडी बाजारबद्दल तर इंग्रजी 'बिहाइंड द बाजार'चा अपभ्रंश ही गोष्ट सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी नव्याने फिरते. तिथे पूर्वी भेंडीची झाडं होती हे साधं उत्तर तेवढं चमकदार नाही, त्यामुळे फारसं शेअर होत नाही. (ही भेंडी म्हणजे भाजीची नव्हे, किनाऱ्यावर वाढणारं भेंडीचं झाड.)

या सगळ्या नावांचा हिशेब एका इंग्रजाने मांडला होता. सॅम्युएल शेपर्ड यांचं मुंबईच्या जागांच्या आणि रस्त्यांच्या नावांवरचं पुस्तक १९१७ साली आलं. आजही मुंबईतल्या एखाद्या नावावर वाद सुरू झाला की दोन्ही बाजू त्याच पुस्तकाकडे धावतात.

मग स्टेशन आलं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत लोकल रेल्वे आली आणि नावांचं गणित बदललं. वस्तीचं नाव तिथे राहणारे ठरवत होते. स्टेशनचं नाव मात्र रेल्वे कंपनी ठरवत होती, आणि तिला गावाशी घेणंदेणं नव्हतं. जवळ कुठला रस्ता आहे, कुठली बराक आहे, कुठला साहेब खूश होईल, एवढंच तिने पाहिलं.

मरीन लाइन्स हे नाव मरीन बटालियनच्या छावणीवरून पडलं. छावणी गेली, नाव राहिलं. चर्चगेट म्हणजे किल्ल्याच्या तटबंदीचा सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला, नाव राहिलं. कॉटन ग्रीन हे नाव तर स्वतःच स्थलांतर करत आलं. कापसाचा बाजार आधी कोटात होता, मग कुलाब्याला गेला, मग शिवडीकडे. बाजार जाईल तिथे नाव गेलं.

सँडहर्स्ट रोडची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत, १८९६ मध्ये प्लेग आला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्या कामातून निघालेल्या एका मोठ्या रस्त्याला गव्हर्नरचं नाव मिळालं. पुढे स्वातंत्र्यानंतर रस्त्याचं नाव सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झालं. स्टेशन मात्र सँडहर्स्ट रोडच राहिलं. ज्या नावाचा रस्ता उरला नाही, त्या नावाच्या स्टेशनवर लाखो डोंगरीकर चढत-उतरत राहिले. आता तिथे 'डोंगरी' लिहायचं ठरलंय.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. वस्तीचं नाव आणि स्टेशनचं नाव यांची टक्कर झाली की बाहेरच्या माणसापुरतं स्टेशन जिंकतं. गिरगावात राहणारा 'गिरगाव'च म्हणतो, पण त्याला भेटायला येणारा 'चर्नी रोडला उतर' हेच ऐकून येतो. गिरगाव मोठं होतं, सण-उत्सवांनी गाजलेलं होतं, म्हणून ते टिकलं. लहान वस्त्यांचं काय झालं हे आज सांगायलाही कुणी नाही.

मुळशीचं मुंबईशी जुनं नातं

मुंबईची ही गोष्ट मुळशीला परकी नाही. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी बहुतेक जण पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांतले आणि त्यांच्या आसपासचे. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचं काम सुरू केलं, तेव्हापासून या भागातली माणसं मुंबईच्या वस्त्यांची नावं डब्याच्या झाकणावर अक्षरं, आकडे आणि रंगांत वाचत आली आहेत. मुंबईचा भूगोल मुळशीच्या माणसाला असा पाठ आहे.

दुसरं नातं विजेचं आहे, आणि ते जास्त दुखरं आहे.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी सह्याद्रीत पाणी अडवून ती तयार करायला सुरुवात केली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. पुढची मोठी योजना होती मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यात, मुळशी पेट्यात. पन्नासच्या आसपास गावं आणि त्यांची भातखाचरं त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे नेते झाले, आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' ही पदवी दिली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. तीनेक वर्षं चाललेला हा लढा जगातल्या सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांमध्ये मोजला जातो. लढा हरला. १९२७ मध्ये भिऱ्याच्या केंद्रातून वीज मुंबईकडे जाऊ लागली.

म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांची चाकं फिरावीत म्हणून इथल्या गावांनी जागा सोडली. आज त्यांतल्या एका स्टेशनला लालबागचं नाव परत देण्यावर विधिमंडळात ठराव होतो. मुळशी धरणात गेलेल्या गावांची सगळी नावं एका दमात सांगू शकणारी माणसं मात्र आता मुळशीतही मोजकीच असतील. धरणाच्या काठावर वर सरकून वसलेल्या वस्त्यांचा तर गावठाणाचा प्रश्नच शंभर वर्षांनंतरही सुटलेला नाही. गावठाण नसणं म्हणजे घराखालची जमीन नावावर नसणं. गावाला नाव आहे, पण त्या नावाखाली जागा नाही.

तालुक्याच्या नावातही एक गंमत आहे. तालुका मुळशी, पण कचेरी, न्यायालय, पोलिस ठाणं सगळं पौडला. शिवकाळात या भागाची ओळख खोऱ्यांवरून होती. पौड खोरं, मुठा खोरं, मोसे खोरं. नदी कुठून वाहते त्यावरून माणूस कुठला ते कळायचं. आज 'मुळशी' म्हटलं की बाहेरच्याला आधी धरण आठवतं, नाहीतर २०१८ चा प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न'. जमिनी विकून आलेला पैसा आणि त्यातून वाढलेली गुन्हेगारी यावरचा हा सिनेमा इतका चालला, की तालुक्याचं नाव एका सामाजिक आजाराचं नाव होऊन बसलं. भात पिकवणाऱ्या, वारीला जाणाऱ्या मुळशीकरांना हे नाव आवडो न आवडो, आता ते चिकटलंय.

वडी की वाडी?

आता हिंजवडीकडे येऊ. गावाचं नाव हिंजवडी. 'वडी', 'वाडी' नव्हे. आयटी पार्क आल्यावर हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं जाऊ लागलं आणि मधल्या 'ज' ला 'जे' चिकटला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'वडी' आणि 'वाडी' यांत फरकच दिसत नाही. मग बाहेरून आलेल्या इंजिनिअरने ते वाचलं 'हिंजेवाडी'. ते इतकं रुळलं की मराठी बातम्यांत, मराठी पाट्यांवरही 'हिंजेवाडी' दिसू लागलं. गावाचं नाव इंग्रजीत गेलं आणि परत मराठीत आलं तेव्हा वेगळं होऊन आलं. गावकरी अधूनमधून हा मुद्दा काढतात, फलक दुरुस्त करायला लावतात. मेट्रोच्या कागदावर तरी 'हिंजवडी' आहे, एवढा दिलासा.

याच हिंजवडीत म्हातोबाची यात्रा भरते. हनुमान जयंतीला हिंजवडी आणि वाकडच्या गावकऱ्यांचं बगाड निघतं. त्या दिवशी आयटी पार्कमध्ये जाणाऱ्यांना फोनवर फक्त 'वाहतूक वळवली आहे' असा मेसेज दिसतो. एकाच रस्त्यावर दोन गावं राहतात. एकाचा देव म्हातोबा आहे. दुसऱ्याचा पत्ता 'फेज वन' आहे.

'फेज' हा शब्द मुळशीत आता जागेचं नाव झालाय. 'कुठे राहतोस?' 'फेज थ्रीला.' राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीने टप्प्याटप्प्याने उभा केला, त्या टप्प्यांचे हे नंबर. फेज थ्री बहुतेक माणच्या जमिनीवर आहे. पण माणमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांना आपण माणमध्ये आहोत हे माहीत नसतं. त्यांच्यासाठी सगळी हिंजवडीच. एका गावाचं नाव चुकीचं लिहिलं गेलं आणि दुसऱ्याचं लिहिलंच गेलं नाही. यांत जास्त नुकसान कुणाचं झालं, हे माणच्या लोकांना विचारायला हवं.

असंच म्हाळुंग्याचं झालं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याच्या वेशीवर मोठं क्रीडा संकुल उभं राहिलं. त्याचा अधिकृत पत्ता म्हाळुंगे-बालेवाडी. पण सगळ्या महाराष्ट्राने त्याला 'बालेवाडी' म्हणायला सुरुवात केली आणि म्हाळुंगे जोडनावातून गळून पडलं. मेट्रोच्या यादीतही 'बालेवाडी स्टेडियम' आहे. म्हाळुंग्याच्या वाट्याला दुसरी एक अडचण आहे. चाकण औद्योगिक पट्ट्यात, खेड तालुक्यातही एक महाळुंगे आहे. त्यामुळे ट्रक चुकतात, कुरिअर चुकतं. बावधनचीही तीच गत. बगाडासाठी प्रसिद्ध असलेलं बावधन वाई तालुक्यातलं, आणि पुण्याला चिकटलेलं बावधन मुळशीतलं. त्यातही बुद्रुक वेगळं, खुर्द वेगळं. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं. फारसीतून आलेले हे शब्द महसुली दप्तरात शतकानुशतकं टिकले. आता सोसायटीच्या गेटवर फक्त 'बावधन' लिहितात.

३० जून २०२१ ला राज्य सरकारने पुणे महापालिकेत २३ गावं घेतली. त्यात मुळशीतली म्हाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक ही तीन होती. बावधन खुर्द आधीच शहरात गेलं होतं. गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत संपते. गावाच्या नावाने भरणारी ग्रामसभा संपते. नाव राहतं ते सात-बारावर, मिळकत पत्रिकेवर आणि मंदिराच्या कमानीवर. हिंजवडीतही पिंपरी-चिंचवडमध्ये जाण्याची मागणी जोरात आहे, आणि त्यात चूक काही नाही. रस्ते फुटलेत, पावसात पाणी तुंबतं, कचरा उचलायला ग्रामपंचायतीची ताकद पुरत नाही. पण आजवर नाव नीट लिहा म्हणून सांगायला निदान एक ग्रामपंचायत होती. ती गेल्यावर हे काम कुणाकडे जाणार, याची चर्चा त्या मागणीत ऐकू येत नाही.

नाव विकणारे

स्टेशनपेक्षाही वेगाने नावं बदलणारी एक जमात आहे. बिल्डर.

मुंबईत 'अप्पर वरळी' नावाची जागा कुठल्याच जुन्या नकाशात सापडणार नाही. लोअर परळमध्ये फ्लॅट विकायचा, पण 'लोअर' शब्द खटकतो आणि वरळीचा भाव जास्त, म्हणून ती जन्माला आली. वडाळ्यात 'न्यू कफ परेड' उगवलं, खऱ्या कफ परेडपासून कितीतरी किलोमीटर दूर. नाव बदललं की चौरस फुटाचा दर बदलतो, एवढं साधं गणित.

पुण्यातही तेच. भूगावातला प्रकल्प 'बावधनजवळ', सूसमधला 'बाणेरजवळ', माण-मारुंजीतला 'हिंजवडी'. जाहिरातीत गाव नेहमी एक पायरी पुढे सरकलेलं असतं, शहराच्या दिशेने. घर घेणाऱ्याने मात्र करारनाम्यावरचं नाव वाचावं. तिथे मौजे कुठलं ते लिहिलेलंच असतं. पाणी कुणाकडून येणार, कर कुणाला भरायचा, बांधकाम परवानगी पीएमआरडीएची की महापालिकेची, हे त्या 'मौजे'वर ठरतं, जाहिरातीतल्या नावावर नाही. टँकरच्या पाण्याचं बिल आल्यावर अनेकांना आपल्या गावाचं खरं नाव पहिल्यांदा कळतं.

मुळशीतलं सगळ्यात प्रसिद्ध बनवलेलं नाव म्हणजे लवासा. वरसगाव धरणाच्या काठावर, दासवे आणि आसपासच्या गावांच्या डोंगरांत हे शहर उभं राहिलं, इटलीतल्या पोर्टोफिनोचा आदर्श समोर ठेवून. प्रकल्पाच्या आधीच्या कंपनीचं नाव होतं 'पर्ली ब्लू लेक रिसॉर्ट्स'. मग ब्रँड म्हणून 'लवासा' आलं. परिसरातल्या कुठल्याही नदीशी, देवाशी, झाडाशी या शब्दाचं नातं नाही. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, पुढे परवानगी मिळाली, पण कर्जाचा डोंगर उतरला नाही आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नाव मात्र दिवाळखोर झालं नाही. आजही पावसाळ्यात पर्यटक 'लवासाला' जातात. दासव्याला कुणी जात नाही.

पण जुनं ते सगळं सोनं का?

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वस्त्यांची जुनी नावं जातींवरून आहेत. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा. ही नावंही तितकीच 'मूळ' आहेत, लोकांच्या तोंडून आलेली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती बदलायचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची ठरली. त्या वस्तीत राहणाऱ्याला आपला पत्ता सांगताना आपली जात सांगावी लागत होती. ते नाव 'जपायला' हवं असं म्हणणं सोपं आहे, कारण म्हणणाऱ्याचा तो पत्ता नसतो.

आणि मुंबईच्या यादीत सगळंच 'परत आणलेलं' नाही. लालबाग, डोंगरी, गिरगाव, माझगाव, काळाचौकी ही नावं तिथे राहणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेतच, स्टेशनने फक्त त्यांच्याकडे परत यायचंय. किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ हे मात्र नवं नामकरण आहे. मरीन लाइन्सचं मुंबादेवी यावरही कुरकुर होऊ शकते, कारण देवीचं मंदिर स्टेशनला लागून नाही, पार भुलेश्वरच्या बाजूला आहे. एका ठरावात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. एक म्हणजे झाकलेलं नाव उघडणं, दुसरी म्हणजे नवं नाव ठेवणं. पहिल्याला फारसा विरोध होत नाही. भांडणं दुसऱ्यावर होतात.

प्रभादेवीचं उदाहरण पहिल्या प्रकारातलं. २०१८ मध्ये एलफिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं आणि काही महिन्यांत लोकांच्या तोंडी बसलं, कारण प्रभादेवी तिथे आधीपासून होतीच.

बदलायचं तर कुणाकडे जायचं?

रेल्वे स्थानकाचं किंवा गावाचं नाव बदलायला राज्य सरकारचा प्रस्ताव लागतो आणि केंद्रीय गृह मंत्रालयाची हरकत नसावी लागते. मंत्रालय रेल्वे, टपाल खातं, भारतीय सर्वेक्षण विभाग यांना विचारतं. यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं १९५३ पासूनची आहेत, आणि त्यांचा सूर असा की लोकांना सवयीची झालेली, इतिहासाशी जोडलेली नावं उगाच बदलू नयेत. त्यामुळे 'राज्याने मंजूर केलं' आणि 'फलक बदलला' यांत बराच काळ जातो.

मुळशीच्या शेजारी याचं ताजं उदाहरण आहे. वेल्हे तालुक्यातल्या बहुसंख्य ग्रामपंचायतींनी तालुक्याचं नाव 'राजगड' करावं असे ठराव केले, मागणी वर गेली आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने तसा निर्णय घेतला. सुरुवात ग्रामपंचायतीतून झाली.

मेट्रोचं प्रकरण त्या मानाने सोपं आहे. मेट्रो स्थानकाचं नाव मेट्रो उभारणारी संस्था सुचवते आणि राज्य सरकारच्या मंजुरीने ते बदलता येतं. अडचण पैशांची असते. स्थानकाच्या नावाला कंपनीचं नाव जोडायचे हक्क विकणं हा आता मेट्रोच्या उत्पन्नाचा मार्ग झालाय. मुंबईच्या भुयारी मेट्रोत सिद्धिविनायक स्थानकाच्या नावाआधी एका विमा कंपनीचं नाव लागलं तेव्हा बरीच टीका झाली. पण तिथे निदान 'सिद्धिविनायक' शिल्लक आहे. कंपनी पुढे, वस्ती मागे. माणच्या पट्ट्यात वस्ती मागेही नाही. आणि कंपन्या कायमच्या नसतात. त्या विकल्या जातात, नाव बदलतात, जागा सोडून जातात. कॉटन ग्रीनच्या कापसाच्या बाजारासारखं.

पुण्यात मेट्रोची नावं दुरुस्त झाल्याचं उदाहरणही आहे. पिंपरी-चिंचवडच्या मार्गावर 'भोसरी' नावाचं एक स्थानक होतं. ते होतं नाशिक फाट्यावर, भोसरी गावापासून चांगलंच लांब. भोसरीला जायचं म्हणून लोक उतरायचे आणि रिक्षा शोधायचे. शेवटी त्याचं नाव 'नाशिक फाटा' झालं. 'बुधवार पेठ' स्थानकाचं 'कसबा पेठ' झालं. दोन्ही बदल गाड्या धावू लागल्यावर किंवा मार्गाचं काम सुरू असताना झाले. नकाशे, घोषणा, फलक, ॲप, सगळं त्यासाठी बदलावं लागलं, आणि बदललं गेलं.